अडीच लाखांचं टर्नटेबल आणि क्रोशाचं कव्हर

महागडं टर्नटेबल घेताना त्याच्या दिसण्याला किती महत्त्व द्यावं, या प्रश्नावर मला भेटलेली माणसं दोन गटांत मोडतात. एक गट म्हणतो, वस्तू ऐकायची आहे, बघायची नाही; कुरूप असली तरी चालेल, आवाज हवा. दुसरा गट यावर मान डोलावतो आणि मग दुकानात जाऊन सगळ्यात चकचकीत जे असेल ते घेऊन येतो. पहिल्या गटाचा दंभ मला आवडत नाही आणि दुसऱ्याचं भोळेपण परवडत नाही. दिसण्याला महत्त्व द्यावंच, असं माझं मत आहे. फक्त ते कधी बघायचं आणि कुठे बघायचं, हे बहुतेकांचं चुकतं.

हे लिहायला निमित्त माझा भाचा. मुळशी तालुक्यात भरे नावाचं गाव आहे. पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडलं की घोटावडे फाट्याला लागून. भाताची खाचरं अजून आहेत, पण त्यांच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये लेथ आणि सीएनसी मशिनं चालतात, आणि त्यांच्याही शेजारी बंगल्यांच्या पाट्या लागल्यात. भाचा अशाच एका वर्कशॉपमध्ये आहे. दिवसभर शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतो. गावात त्याने छोटं घर बांधलं, आपाला पुण्याहून तिकडे नेलं, आणि आता दुलाभाईंच्या रेकॉर्डी वाजवण्यासाठी चांगलं टर्नटेबल घ्यायचं त्याच्या मनात आहे. अडीच लाख बाजूला काढलेत. आमच्या घरात इतक्या पैशांत निकाह लागलेले आहेत, हे मी त्याला बोललो नाही. आपा बोलली.

त्याच्या मोबाइलमध्ये दोन फोटो होते. एक यंत्र साधं, काळ्या-राखाडी रंगाचं, एखाद्या कारखान्यातल्या उपकरणासारखं. दुसरं आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकचं, तीन मजली, सोनेरी खांबांवर उभं, खालून निळा दिवा. “मामू, ये देखो,” म्हणून त्याने दुसरा फोटो दोन बोटांनी मोठा केला तेव्हाच त्याचा कल कळला.

त्यात त्याचा दोष काही नाही. ध्वनिमुद्रिका वाजवणारं यंत्र दिसावं कसं, हा झगडा त्या यंत्राइतकाच जुना आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’ नावाचा ग्रामोफोन काढला. त्याआधीच्या ग्रामोफोनला बाहेर मोठा भोंगा असे, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तो ओंगळ वाटे. व्हिक्टरने भोंगा वाकवून लाकडी कपाटाच्या पोटात दडवला, समोर दोन दारं लावली. आवाजाचा त्यात फायदा व्हायचं काही कारण नव्हतं. फायदा झाला तो दिवाणखान्याचा. किंमत ठेवली २०० डॉलर, त्या काळात भलतीच, आणि तरी तो इतका खपला की अमेरिकेत अशा कोणत्याही यंत्राला लोक सरसकट ‘व्हिक्ट्रोला’ म्हणू लागले.

गंमत अशी की शंभर वर्षांनी आपल्याकडे चाक उलटं फिरलं. जो भोंगा लाज वाटून लपवला, तोच आता शोभेचा झाला. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या दुकानांत, झगमगीत पितळी भोंग्याचे ग्रामोफोन तुम्ही पाहिले असतील. पेटीवर कुत्र्याचं चित्र असलेली पट्टी, भोंग्यावर फुलांचं नक्षीकाम. त्यातले खरे जुने फार थोडे. बाकीचे इकडचा तिकडचा सांगाडा, नवी पेटी आणि नवा भोंगा जोडून उभे केलेले. पर्यटकाला ते खऱ्यापेक्षा जास्त खरे वाटतात, कारण खरा जुना ग्रामोफोन बहुधा काळवंडलेला आणि साधा असतो. या जोडयंत्रांचा साउंडबॉक्स मात्र अनेकदा इतका वाईट असतो की त्यावर लाखेची रेकॉर्ड लावणं म्हणजे रेकॉर्डीवर खिळा ओढणं. शोभेची वस्तू म्हणून त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांना रेकॉर्ड वाजवू देऊ नये.

म्हणजे ‘फक्त कान’वाले बरोबर का? नाही. त्यांच्या म्हणण्यात एक मोठी खोट आहे. टर्नटेबल हे ॲम्प्लिफायरसारखं कोपऱ्यात ढकलून विसरायचं यंत्र नाही. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. प्रत्येक बाजूला माणूस उठतो, झाकण उघडतो, रेकॉर्ड पुसतो, टोनआर्म बोटाने उचलतो, सुई खाली ठेवतो. एका संध्याकाळी पाच-सहा वेळा हात लावायची ही वस्तू आहे. अशी वस्तू डोळ्यांना आणि बोटांना नकोशी असेल तर महिन्याभरात मोबाइलवरच गाणं लागतं, आणि अडीच लाखांचं यंत्र कपड्यांच्या घडीखाली जातं. रोज हाताळायची वस्तू देखणी असावी, यात चैन नाही, साधा व्यवहार आहे.

पुण्यात राहणाऱ्यांना हे सांगायलाच नको. राजा केळकर संग्रहालयात जा आणि अडकित्त्यांसमोर उभे राहा. मोराचे, घोड्याचे, स्त्री-पुरुषाच्या आकाराचे. सुपारी कातरायला कुणाला मोर लागतो? पण दिवसातून दहा वेळा हातात येणारी वस्तू घडवणाऱ्याला नुसती पात्याची जोडी करून समाधान होईना. आणि तरीही त्या प्रत्येक अडकित्त्यात पातं आधी आहे. मोर पात्याच्या वाटेत येत नाही. उलट त्याचीच मान मूठ होऊन बोटांत बसते.

दुसरं उदाहरण भाच्याच्याच घरातलं. त्याचे आजोबा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी शिकलगार घराणी आहेत. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा काळ सरत गेला तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या दुकानात नवखं गिऱ्हाईक आलं की ते आधी भोपळ्यावरची कोरीव पानं आणि दांडीवरची पांढरी वेलबुट्टी बघतं. जाणता गवई तंबोरा मांडीवर घेतो, तार छेडतो आणि जवारी ऐकतो. घोडीचा माथा कानसीने किती नेमका घासलाय, तारेखाली दोरा सरकवल्यावर आवाज कसा खुलतो, यावर त्याचा निर्णय होतो. पण म्हणून नक्षी फुकट असते का? त्याच गवयाला दोन तंबोरे सारखेच बोलले तर तो देखणा उचलतो. तसा क्रम लावला की कुणाचंच भांडण उरत नाही. आधी जवारी, मग वेलबुट्टी.

टर्नटेबलाची जवारी कशात असते? थाळी एकसारख्या वेगाने फिरण्यात, तिच्या मधल्या बेअरिंगमध्ये, मोटरची थरथर सुईपर्यंत न पोहोचण्यात, आणि टोनआर्मच्या सांध्यात ना ढिलेपणा ना अडथळा असण्यात. एलपीची खाच केसापेक्षा बारीक, आणि त्या खाचेच्या भिंतींवरची वळणं त्याहून कितीतरी सूक्ष्म. सुई ती वाचते. त्या मापाच्या जगात बेअरिंगमधली जराशी खळखळही गाण्याइतकीच खरी असते. हे मी भाच्याला काय समजवणार, त्याची रोजीरोटीच ती आहे. आश्चर्य याचंच की वर्कशॉपमध्ये शाफ्ट हातात घेतल्यावर चकाकीला न भुलणारा हा मुलगा दुकानाच्या फोटोतल्या सोनेरी खांबांना भुलला. बेअरिंग कशाचं आहे, तेल कधी बदलायचं, पट्टा तुटला तर कुठे मिळेल, हे त्याने विचारलंच नव्हतं.

ॲक्रिलिकवर अन्याय नको. जड ॲक्रिलिकची थाळी उत्तम काम देऊ शकते, आणि ते साहित्य वापरण्यामागे काही बनवणाऱ्यांची पक्की कारणं असतात. माझा मुद्दा एवढाच की रूप दोन प्रकारचं असतं. एक कामातून आलेलं आणि एक वरून चिकटवलेलं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ साली आलेलं यंत्र बघा. थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी आहेत, साडीच्या काठासारख्या. शेजारी एक लहान दिवा. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात, चुकला तर सरकू लागतात. म्हणजे तो काठ नाही, मापक आहे. जगभरच्या डीजेंनी ते यंत्र डोक्यावर घेतलं, २०१० मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि २०१६ मध्ये परत आणलं. नवीन आवृत्तीतही ठिपके आहेतच. किंवा जर्मनीच्या ब्राउन कंपनीचा १९५६ चा रेडिओ-प्लेअर घ्या, डीटर राम्स आणि हान्स गुगेलो यांचा. त्याचं झाकण आधी पत्र्याचं करायचं होतं, पण पत्रा आवाजाने थरथरायला लागला. मग पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आलं. लोकांनी त्याला ‘स्नो व्हाइटची शवपेटी’ म्हणून हिणवलं, आणि पुढे दुनियेतल्या निम्म्या टर्नटेबलांवर तसंच झाकण बसलं. आज ज्याला आपण टर्नटेबलाचा चेहरा समजतो तो एका थरथरणाऱ्या पत्र्यावरचा उपाय आहे.

स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं एलपी-१२ तर आणखी वेगळं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते बाहेरून जवळजवळ तसंच आहे, लाकडी चौकटीतला एक सभ्य डबा. आतलं बेअरिंग, मोटर, विजेचा पुरवठा बदलत गेला, आणि जुन्या मालकालाही नवे भाग बसवून घेता येतात. चेहरा तोच ठेवून हाडं बदलायची. मला हा शहाणपणा वाटतो, आणि व्यापारही.

चिकटवलेलं रूप ओळखायला एक सोपी युक्ती आहे. विचारायचं, हे काढून टाकलं तर काय बिघडेल? ठिपके काढले तर वेग तपासता येणार नाही. झाकण काढलं तर धूळ बसेल. निळा दिवा काढला तर वीज वाचेल.

आता धुळीचं. भरे म्हणजे कंपनीच्या जाहिरातीतली पांढऱ्या भिंतींची खोली नव्हे. रस्त्याने दिवसभर डंपर, शेजारी बांधकामं, उन्हाळ्यात खिडकी उघडली की तासाभरात फरशीवर पावलं उमटतात. पावसाळा ताम्हिणीइतका नाही, पण भिंतींना ओल येण्याइतका नक्की. जपून न ठेवलेल्या रेकॉर्डींवर बुरशीची पांढरी नक्षी चढते, तिला कोणत्याही कारागिराची गरज लागत नाही. बिनझाकणाचं, तीन मजली, पारदर्शक यंत्र अशा घरात दुसऱ्या दिवशी कसं दिसेल? ॲक्रिलिकवर धूळ चिकटून बसते आणि कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे उमटतात. म्हणून माझं सांगणं असं की दुकानातलं रूप बघूच नये. तिथे दिवे दुकानदाराचे, फडकं दुकानदाराचं. डोळ्यांसमोर आणायचं ते पाचव्या पावसाळ्यानंतरचं रूप, आपल्या खोलीतलं, आपल्या माणसांच्या हातांखालचं.

आपाने हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. म्हणाली, “कसंही आण, मी त्यावर कव्हर टाकणारच.” आमच्या घरात रेडिओवर कव्हर होतं, टीव्हीवर होतं, शिलाई मशीनवर होतं, मिक्सरवर अजून आहे. तुमच्याही घरात असेल. क्रोशाचं किंवा भरतकामाचं, कोपऱ्यात फूल. उच्चभ्रू मासिकांत टर्नटेबलाच्या सौंदर्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी या कव्हराचा कधी विचार केलेला नाही. आपल्याकडच्या सुंदर यंत्राचं चोवीस तासांतलं बावीस तासांचं रूप म्हणजे ते कव्हर. भाचा हसला, पण मुद्दा पोहोचला. चपट्या, झाकण असलेल्या यंत्रावर कव्हर बसतं. तीन मजल्यांच्या मनोऱ्यावर टाकलं तर ते बुजगावणं दिसेल.

दिखाव्याचा विषय निघाला की आपल्यात कुणीतरी लगेच इसराफ म्हणतं, आणि काहीजण तर रेकॉर्डीच घरात कशाला म्हणून सुरू करतात. तो वाद इथे नको. पण देखणेपणाबद्दल एक हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. चांगले कपडे आणि चांगली पादत्राणं आवडणं हा गर्व होतो का, असं एकाने विचारलं, तेव्हा पैगंबरांनी सौंदर्याची आवड आणि गर्व या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं सांगितलं. गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं. टर्नटेबलाच्या बाबतीत मी ते असं लावतो की सुंदर यंत्र आवडलं तर खुशाल आवडू द्या. पण त्याच्या सौंदर्यापायी त्याचं बेअरिंग बेताचं आहे हे कानांनी सांगूनही ऐकायचं नाही, हा सत्य नाकारण्याचाच किरकोळ नमुना झाला. आणि शेजाऱ्याच्या साध्या रेकॉर्ड प्लेअरला नाक मुरडणं हा दुसरा. दुलाभाईंनी सगळी हयात एचएमव्हीच्या प्लास्टिकच्या फिएस्टावर ऐकण्यात घालवली, आणि गाणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

खरी अडचण मात्र मला त्या रेकॉर्डींचा खोका उघडल्यावर कळली. वर दुलाभाईंच्या एलपी, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आजोबांच्या तीसेक तबकड्या. ७८ च्या. त्यांत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आहेत. मिरजेत राहिलेले, १९३७ साली वारलेले, आणि मिरजेच्या दर्ग्यात ज्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं ते. आजोबा रात्रपाळी करून त्या गाण्याला जाऊन बसत, असं आपा सांगते. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर छापली गेली, आणि जगभरचे संग्राहक आज त्यांच्या मागे असतात. म्हणजे मराठी घरातल्या खोक्याच्या तळाशी ७८ सापडणं यात नवल काही नाही. नवल हे की लाखांच्या किमतीच्या कितीतरी टर्नटेबलांवर ७८ चा वेगच नसतो. ३३ आणि ४५, बस. त्या तीन मजली यंत्रावरही दोनच बटणं होती. भाच्याने फोटो इतका मोठा करून पाहिला होता, तरी त्याची नजर बटणांवर गेली नव्हती. फोटोतल्या त्या काळ्या-राखाडी यंत्रावर ७८ आहे.

नुसता वेग असून भागत नाही. ७८ ची खाच रुंद असते. एलपीच्या गोल सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ ला ७० मायक्रॉनच्या आसपासचं लागतं. बारीक सुई त्या खाचेत तळाला जाऊन लोळते आणि तिथे साठलेला कचरा वाचत बसते. तेव्हा कार्ट्रिज सहज बदलता येणारा टोनआर्म हवा आणि दुसऱ्या सुईचे पैसे राखून ठेवायला हवेत. हा आकडा मायक्रॉनमध्ये सांगितल्याबरोबर भाचा सावरून बसला. निळा दिवा तिथेच विझला असावा.

माझ्याकडून विचाराल तर अडीच लाख सगळे यंत्राच्या अंगावर घालूच नयेत. दोन कार्ट्रिज, चांगला फोनो प्रीॲम्प, रेकॉर्डी धुण्याची व्यवस्था, नवी आतली पाकिटं, आणि यंत्र ठेवायला न हलणारं, भिंतीत पक्कं केलेलं फळीकाम, यात बरीच रक्कम जाते आणि जावी. उरलेल्यात जे बसेल त्यात देखणं निवडावं. आणखी एक, आखातातल्या नातेवाइकांसाठी. चुलतभाऊ जेद्दाहून जुनं यंत्र स्वस्तात पाठवतो म्हणाला होता. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या, विजेच्या ठोक्यावर चालणाऱ्या मोटरचं टर्नटेबल तिथून तसंच आणलं तर इथे एक षष्ठांश हळू फिरेल. पुली बदलावी लागते. दुबई किंवा मस्कतहून आणलं तर ही भानगड नाही, तिथे ५० च आहे. चकचकीत मालाच्या फोटोत हर्ट्झ दिसत नाहीत, मागच्या पट्टीचा फोटो मागवावा.

येत्या रविवारी भाचा पुण्यात दुकानात जाणार आहे. बरोबर आजोबांची एक तबकडी ने, असं मी सांगितलंय. खाँसाहेबांची नको, फुटली तर आपा घरात घेणार नाही, दुसरी कुठलीही. दुकानदाराकडे ७८ ची सुई असेल तर वाजवायला लाव. थाळी हाताने फिरवून बघ, आणि मोटर सुरू असताना चौकटीवर बोटाचं टोक ठेव, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपाने मात्र त्याला वेगळंच काम दिलंय. झाकण बंद असताना लांबी, रुंदी आणि उंची कागदावर लिहून आणायची. सूत तिने आणून ठेवलंय.